ग्रंथवाचनाचा रविवार आणि पांढरे कपडे

(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. बँकेत कारकून आहे. दिवसभर माझे बोलणे म्हणजे ‘सही इथे करा’, ‘पासबुक भरून घ्या’ आणि ‘जेवणाच्या सुट्टीनंतर या’ एवढेच. बी. ए. झालो तेव्हा वाटले होते की आपले आयुष्य पुस्तकांत जाईल. ते खातेपुस्तकांत गेले. पण तुमच्या घरी बरीच वर्षे ग्रंथवाचन चालते, त्याविषयी मुलांना चार शब्द सांगा, असा संयोजकांचा आग्रह झाला, म्हणून उभा आहे. या वाचनात कपड्यांची एक गोष्ट आहे. ती सांगताना मी थोडा कचरतो, कारण तिच्यात चूक माझी आहे.

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावास, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात भिक्खूंनी गावोगाव न हिंडता एका ठिकाणी राहावे, हा बुद्धकाळापासूनचा नियम. आपल्याकडे भिक्खू थोडे आणि वस्त्या फार. म्हणून या काळात विहारात किंवा घरोघरी बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचण्याची रीत पडली. आमच्या घराण्यात चार चुली आहेत. मी लोहाऱ्यात राहतो, दोन चुलतभाऊ गावातच शेती करतात, एक भाऊ नोकरीमुळे धाराशिवला असतो. वर्षावासातला प्रत्येक रविवार एकेका घरी. लहानात लहान वाचणाऱ्या लेकराने पहिले पान वाचायचे आणि मग ग्रंथ हातोहात फिरायचा. ज्याला शब्द अडेल त्याने थांबून विचारायचे, आणि कुणी हसले तर हसणाऱ्याने पुढचे पान वाचायचे. वर्षावास संपला की महिन्यातून एकदा दुसरे पुस्तक. दया पवारांचे ‘बलुतं’ झाले, अण्णाभाऊंची ‘फकिरा’ झाली, शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ झाली. पुस्तके एका पत्र्याच्या पेटीत असतात आणि ज्याच्या घरी वाचन त्याच्या घरी पेटी जाते. आमचे वाचनमंडळ म्हणजे एवढेच. त्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही.

हे सुरू केले माझ्या वडिलांनी. सहा डिसेंबरला दादरला गेले होते, तिथल्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी ग्रंथ आणला. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. वाचत ते अडखळत, पण मोठ्याने. माझी माय शाळेत गेलेली नाही. रोजगार हमीच्या कामावर मस्टरमधला आपला नंबर ओळखता यावा म्हणून ती आकडे तेवढे शिकली होती. आता या ग्रंथाची मांडणी तुम्ही पाहिली आहे. आठ खंड, खंडांत भाग, आणि मजकुराला एकापुढे एक अंक दिलेले. माय वडिलांच्या खांद्यावरून पानाकडे बघत बसायची. दिवसभराच्या कामाने वडिलांना डुलकी यायची आणि एखादा परिच्छेद सुटायचा. लगेच माय म्हणायची, “बारा झाला, तेरा कुठं गेला?” अक्षर येत नसलेल्या बाईने आमच्या घरातले एकही वाक्य गळू दिले नाही. पुढे आकड्यांच्या शेजारची अक्षरे तिला हळूहळू ओळखू येऊ लागली. आज ती चष्मा लावून वाचते. पेन्शनचे पैसे काढताना सही करते आणि सही करताना मान वर करून माझ्याकडे बघते.

विद्यार्थी मित्रांनो, घरात बसून मोठ्याने वाचणे ही गोष्ट लहान समजू नका. बाबासाहेबांच्या घरी सुभेदार रामजी मुलांना बसवून रामायण-महाभारत वाचून घेत. पोराने आपल्याला पुस्तक मागितले की रामजींनी लेकीचे दागिने गहाण ठेवून ते आणले, हे चरित्रांतून आपण वाचले आहे. पुढे बाबासाहेब एक परीक्षा पास झाले तेव्हा वस्तीने सभा भरवली आणि त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. या ग्रंथासाठी लिहिलेल्या आपल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या दोन्ही गोष्टी, वडिलांचे वाचन आणि केळुसकरांची भेट, सांगितल्या आहेत. चाळीतल्या एका खोलीत सुरू झालेले वाचन कुठे जाऊन पोचले ते बघा. ग्रंथ छापून आलेला मात्र त्यांनी पाहिला नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले आणि ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

आता कपड्यांकडे येतो.

आमच्याकडे वाचनाच्या दिवशी पांढरे कपडे घालतात. पुरुषांना पांढरा सदरा, बायकांना पांढरी साडी. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच असेल. ही रीत नागपूरची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून दीक्षा घ्यायला उभे राहिले आणि समोरचा लाखोंचा समुदायही पांढऱ्या कपड्यांत होता. पण आपल्या माणसांच्या अंगावरच्या कपड्याचा इतिहास त्याहून जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने लोखंडाचे घालावेत, असे लिहून ठेवले आहे. माणूस समोर आला की त्याची जात कपड्यावरून कळावी, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ती मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. तुमच्या लुगडे नेसण्यावरून, गळ्यातल्या गाठल्यांवरून आणि हातभर कथलाच्या नि चांदीच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते सोडा. लुगडे फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेऊन नेसण्याची पद्धत बदलली, अशीही नोंद आहे.

हे मी बी. ए. ला असताना वाचले होते, पण समजले घरी. एका हिवाळ्यात आम्ही बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचत होतो. त्यात असे आले की महारांच्या बायकांनी लुगड्याचा काठ दिसू द्यायचा नाही, तो निऱ्यांत दडवायचा; काठ मिरवण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. वाचणारी माझी मुलगी थांबली आणि म्हणाली, “काठ दडवायचा म्हणजे कसा?” आम्हा पुरुषांना सांगता येईना. तेव्हा माय उठली, आतल्या खोलीतून जुने लुगडे घेऊन आली आणि सर्वांसमोर परकरावर नेसून दाखवू लागली. “माझ्या सासूची सासू अशी नेसायची,” म्हणाली, आणि काठ आत मुडपला. मग तो तिने सोडला आणि बाहेर काढून दाखवला. सांगायला एक वीतभर कापड. पण त्या वीतभर कापडासाठी बायकांनी मार खाल्ला आहे. त्या दिवशी पुढे वाचन झाले नाही.

पांढऱ्या साडीचे आणखी एक कारण आहे आणि ते पुस्तकात सापडणार नाही. आपल्या भाषेत विधवेला ‘पांढरे कपाळ’ म्हणतात. मायच्या पिढीत सवाशिणीने पांढरे नेसणे म्हणजे अपशकुन. माझी एक आत्या होती, ऐन तरुणपणी विधवा झालेली, आमच्याच घरी राहायची. लग्नाकार्यात तिला मागे बसवत. हळदी-कुंकवाला तर बोलावतच नसत, आणि हे दीक्षा घेतलेल्या घरांत चालत असे, हे लपवून काय उपयोग? पण ग्रंथवाचनाला सगळ्याच बायका पांढऱ्या साडीत. तिथे विधवा कोण नि सवाशीण कोण हे कुणाला कळायचे नाही. आत्या त्या दिवशी पहिल्या रांगेत बसायची. तिला वाचता येत होते, वडिलांपेक्षा बरे येत होते. वर्षातले ते बारा-तेरा रविवार तिचे होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आमचे गाव सास्तूरच्या जवळचे. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. ते सगळे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. आमच्या घरातून आत्या गेली. त्याविषयी मी जास्त बोलत नाही. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून पत्र्याची पेटी निघाली. झाकण चेपले होते, पण आत ग्रंथ शाबूत होता. आत्याने तो आपल्या वाचनाच्या पांढऱ्या साडीत गुंडाळून ठेवलेला होता.

वर्षावास संपायला महिना बाकी होता. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मुंबई-पुण्याकडून ट्रक भरभरून कपडे येत आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घाली. मायने कुणाची तरी फुलाफुलांची साडी नेसली होती. वडिलांची विजार इतकी लांब होती की ते ती चार घड्या घालून दुमडत. माझ्या बनियनवर इंग्रजी अक्षरे होती, ज्यांचा अर्थ मला लावता येत नव्हता. अशा कपड्यांत आम्ही राहिलेला ग्रंथ वाचून पूर्ण केला. पांढरे कुणाजवळ नव्हते आणि कुणी विचारलेही नाही. मी पुढे जे केले ते हे सगळे पाहिलेल्या माणसाने केले, हे लक्षात घ्या.

काळ बदलला. नोकऱ्या लागल्या, घरे झाली. वाचनाच्या पांढऱ्या साड्यांना आधी निळा काठ आला, मग सोनेरी आला. एका वर्षी सगळ्या बायकांनी एकाच दुकानातून एकसारख्या साड्या घेतल्या. आता वाचनाआधी फोटो निघतो, तो मोबाईलवर सगळ्या नातेवाइकांकडे जातो, आणि कधी कधी फोटोलाच इतका वेळ जातो की दोन पानांत वाचन आटोपते. नटायला माझा विरोध नाही. ज्यांना शेकडो वर्षे चांगले नेसू दिले नाही त्या बायका नटल्या तर मला आनंदच आहे. पण मी मनातल्या मनात हजेरी घेऊ लागलो. कोण पांढऱ्यात आले, कोण आले नाही. आम्हा काउंटरवरच्या माणसांना ही खोड असते. समोर गिऱ्हाईक आले की आधी कपडे दिसतात, मग स्लिप. धुवट धोतरवाल्याला आपण ‘या काका’ म्हणतो आणि मळक्या सदऱ्याला ‘थांबा जरा’. असे मी अनेकदा केले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीन काढणीचे दिवस होते, वर्षावासाचे शेवटचे रविवार. वाचन माझ्या लोहाऱ्याच्या घरी होते. फरशी नवीन, सोफे बाजूला सारून पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. वाचन सुरू झाल्यावर माझी चुलत वहिनी आली. पावसाचा भरवसा नव्हता म्हणून सकाळपासून रानात होती आणि तिथूनच टमटमने थेट आली होती. अंगावर कामाची साडी, त्यावर नवऱ्याचा जुना सदरा, पायाला काळी माती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी तिला बघितले. मी ‘आत या’ म्हणालो नाही. म्हणालो, “वहिनी, बदलून यायचं ना.” आवाज काही चढवला नव्हता. ती “व्हय भावजी” म्हणाली आणि तिथेच दाराच्या कडेला भिंतीला टेकून बसली. पाऊण तास बाहेर बसून ऐकले आणि शेवटची बस चुकेल म्हणून खीर न घेता गेली.

ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात सुनीत झाडूवाल्याची कथा आहे. समोरून बुद्ध येतात, त्याला लपायला जागा सापडत नाही, म्हणून तो भिंतीला चिकटल्यासारखा हात जोडून उभा राहतो, आणि बुद्ध त्याच्यापाशी थांबतात. ती कथा आम्ही त्याच वर्षावासात, काही रविवार आधी वाचून झालो होतो. त्या दिवशी कुणालाही ती आठवली नाही. मलाही नाही.

आठवली माझ्या मुलीला, आणि तीही रात्री, भांडणात. ती तेव्हा बारावीला होती. जीन्स घालून वाचनाला बसते म्हणून मी आधी दोनदा तिला उठवले होते. ती म्हणाली, “बाबा, बाबासाहेबांनी हे पुस्तक पांढरी साडी नेसून लिहिलं का? घरात तर ते लुंगीवर बसायचे, फोटो आहेत. आणि बाहेर जाताना सूट.” मग म्हणाली, “वहिनीकाकूला तुम्ही भिंतीजवळ बसवलं.” मी तिला गप्प केले. पण झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी मी विषय काढला. म्हणालो, पांढऱ्याची सक्ती बंद करू, ज्याला जे असेल ते घालू द्या, धुतलेले असले म्हणजे झाले. मला वाटले होते सगळे हो म्हणतील. विरोध केला तो मायने. “सक्ती नको म्हणतोस ते बरं,” म्हणाली, “पण पांढरं काढू नको. तुला काय ठाव, पांढऱ्यात किती बाया लपल्यात.” ती आत्याविषयी बोलत होती हे आम्ही तिघे-चौघेच समजलो. सुनांना वाटले म्हातारी हट्ट करते. मुलगी म्हणाली, “आजी, विधवा ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांनी पांढरं घालायचं, की तिनंच रंगीत घालायचं?” माय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तवा रंगीत कुणी घालू दिलं असतं गं तिला?”

या प्रश्नाचा निकाल आमच्या घरी अजून लागलेला नाही. मला विचाराल तर पांढऱ्या साडीने आपल्या बायांचे भले केले, यात शंका नाही. दारात उभे राहून ती तपासणारा मी मात्र चूक होतो. धाराशिव जिल्ह्यात पाण्याची काय स्थिती असते हे तुम्हाला सांगायला नको. दुष्काळाच्या वर्षी, टँकरच्या दोन घागरींवर घर चालत असताना, पांढरा कपडा पांढरा ठेवणे ही ज्याच्या घरी नळ आहे त्याचीच चैन असते. बोअरच्या पाण्यात धुतलेली साडी तीन पाण्यांत पिवळी पडते, कितीही नीळ घाला. हा हिशोब बँकेत चोवीस वर्षे हिशोब करणाऱ्या मला सुचायला हवा होता.

मी वहिनीची माफी मागायला गावी गेलो. ती उलट ओशाळली, “भावजी, मीच घाईत आले,” म्हणाली. माफी तशीच राहिली. म्हणून मी दुसरे विचारले, पुढच्या वर्षावासाचा पहिला रविवार तुमच्या घरी ठेवायचा का? आधीच्या वर्षांत गावचे वाचन नेहमी थोरल्या चुलतभावाच्या पक्क्या घरी व्हायचे, वहिनीकडे कधी नाही. जागा नाही, असे आम्ही म्हणत असू. ती म्हणाली, “अंगणात बसाल का?”

त्या आषाढात पहिल्याच रविवारी पाऊस झाला होता. रस्त्यापासून घरापर्यंत काळ्या रानातली पायवाट. मायने हट्टाने पांढरीच साडी नेसली होती, मी पांढरा सदरा घातला होता, मुलीने पंजाबी ड्रेस. घरी पोचेपर्यंत मायच्या साडीचा काठ नडगीपर्यंत काळा झाला आणि माझ्या विजारीकडे बघवत नव्हते. वहिनी दारात घागर घेऊन उभी होती. तिने लग्नातला शालू नेसला होता, हिरवा, जरीकाठी, घड्यांवर थोडा विरलेला. केसांत अबोली. तिच्या घरी ग्रंथ येणार म्हणून ती नटली होती. तिने एकेकाच्या पायावर पाणी घातले. मायने पाय धुतले, आपल्या काठाकडे बघितले, तिच्या काठाकडे बघितले आणि म्हणाली, “तुझा बरा दिसतोय.”

पत्र्याखाली पोती अंथरून आम्ही बसलो. पेटी उघडली. ग्रंथ अजून त्याच पांढऱ्या कापडात असतो. वडिलांनी आत्याच्या साडीचे ते फडके कापून शिवून घेतले होते. धाकट्या पुतण्याने पहिले पान वाचले. ग्रंथ फिरत वहिनीपर्यंत आला, तेव्हा तिने तो सवयीने पुढे सरकवला. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण लग्नानंतर अक्षराशी संबंध आला नव्हता. माय तिच्या शेजारी बसली होती. तिने ग्रंथ परत वहिनीच्या मांडीवर ठेवला आणि अंकावर बोट ठेवले. “इथनं,” म्हणाली. वहिनीने त्या दिवशी दोन अंक वाचले. पहिल्याला फार वेळ लागला.

दिवाळीनंतर तिचे कुटुंब ऊसतोडीला गेले. जाताना ‘जिणं आमुचं’ मागून घेतले आणि परत आणले तेव्हा त्याच्या कव्हरला उसाचा चिकट रस लागला होता. पेटीत ठेवताना मी तो पुसला नाही.

यंदाच्या वर्षावासात मागच्या रविवारी वाचन पुन्हा वहिनीकडे होते. तिने एका बैठकीत अकरा अंक वाचले. मधला एक चुकून सुटला, तो मायने पकडला.

जयभीम.